कुठली मालगाडी?

डायरेक्टरसाहेब,

तुम्ही गेल्याची बातमी तुमच्या मुलीच्या ईमेलमधून कळली. मोठ्या माणसाच्या मृत्यूची बातमी आली की लोक खिडकीशी जाऊन उभे राहतात म्हणे. मी गॅस बंद केला, कारण दूध उतू जात होतं. मग ओटा पुसला. ओटा पुसताना मनात आलं, सुटले बिचारे. फडकं पिळताना आलं, सुटले कसले, निसटले. माझं अजून तुमच्याशी निम्मं भांडण बाकी होतं.

तुमचं नाव आमच्या घरात कधी कुणाला धड घेता आलं नाही. बाबांनी दोन दिवस आरशासमोर सराव केला आणि तिसऱ्या दिवशी ‘डायरेक्टरसाहेब’वर समाधान मानलं. आई तुम्हाला ‘तो रशियन’ म्हणते. मी बाबांचंच चालवतो. आता जे लिहिणार आहे ते शिव्यांच्या जवळपासचं आहे, पण शिव्या द्यायच्या तरी अहोजाहो सुटत नाही, हा आमच्या घराण्याचा दोष समजा.

तुमच्या मुलीने फार चांगल्या शब्दांत लिहिलंय. दोन वर्षांपूर्वी जयपूरला माझ्या घरी तुम्ही तीन तास बोललात, ती तुमची शेवटची मुलाखत ठरली. त्यानंतर तुमची वाचा गेली. तुमच्यावर एक मोठा माहितीपट होतोय, त्यात ते चित्रण हवंय. ‘वडील शेवटपर्यंत म्हणत होते की मी सगळं जयपूरला बोलून आलोय.’

साहेब, ते तीन तास माझ्याकडे नाहीत. का नाहीत, हे तुम्हाला सांगायचं राहिलं. आणखी एक गोष्ट सांगायची राहिली, पण ती मलाच गेल्या आठवड्यात कळली. दोन्ही सांगतो.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. बाबा असिस्टंट स्टेशन मास्तर. आम्ही मूळचे भुसावळचे, बदलीने जयपूरजवळच्या एका लहान स्टेशनवर आलेले. स्टेशनाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. बाबांच्या खुलाशाची फाईल अजून कुठल्या तरी कपाटात असायची. एक फलाट, एक कडुलिंब, मोती नावाचा कुत्रा आणि रुळांच्या अगदी कडेला आमचं क्वार्टर. व्हरांड्यात आई पायमशीनवर कॉलनीतल्या बायकांचे ब्लाउज शिवायची. तुम्ही दोन देशांच्या मैत्रीवरचा सिनेमा काढायला निघाला होतात. जीपमधून जाताना तुम्हाला मशीनवर वाकलेली माझी आई दिसली आणि तुम्ही जीप थांबवलीत. इथवर तुमची चूक काही नाही. तशी वाकलेली आई मलाही अजून आवडते.

तुमच्याबरोबर दिल्लीचे एक दुभाषी होते, हिंदी शिकवणारे, गळ्यात मफलर. त्यांच्या तोंडून तुम्ही आईला सांगितलंत: अभिनय करू नका. रोजचं शिवण शिवा. गाडी आली की मान वर करा, कुणाची तरी वाट बघितल्यासारखी, मग पुन्हा शिवायला लागा. बस्स. आईने विचारलं, कोणाची वाट? तुम्ही म्हणालात, जो येणार नाही त्याची. आई म्हणाली, मग वर कशाला बघायचं? दुभाष्यांनी हे तुम्हाला सांगितलंच नाही.

सकाळी आठपासून तुमचा कॅमेरा चालू. आईने मान वर केली, खाली केली, वर केली. दुपारपर्यंत माझे दोन शाळेचे शर्ट आणि उशांचे सहा अभ्रे शिवून झाले. बाबांनी लग्नातला कोट घातला होता. कॅमेऱ्यात ते कुठेच येणार नव्हते, तरी घातला होता. मी त्यांना इतकं देखणं कधी पाहिलं नव्हतं, आणि एवढ्यासाठी तुमचे आभार मानायला हवेत, ते इथेच मानून घेतो, कारण पुढे जमणार नाही.

दुपारी तुम्ही आकाशाकडे बघत काहीतरी बोललात. दुभाष्यांनी ते असं सांगितलं: ‘साहब कह रहे हैं, ठीक चार बजे जो धूप होगी, उसमें कोई गाड़ी गुज़र जाए तो इनके चेहरे पर डिब्बों की परछाइयाँ चलेंगी.’

तुम्ही नुसती इच्छा बोलून दाखवली होती. चहा पिताना माणूस बोलतो तशी. पण माझे वडील रेल्वेचे होते. अधिकाऱ्याच्या तोंडून वेळ निघाली की ती त्यांच्यासाठी वेळापत्रक व्हायची. त्यांनी आत जाऊन रजिस्टर पाहिलं. एक मालगाडी होती, पण ती चारच्या सात मिनिटं आधी पोचत होती.

बाबांनी गाडीला स्टेशनात घेणारा होम सिग्नल दिला नाही.

हे शहरातल्या माणसाला कळणार नाही, म्हणून सांगतो. बेचाळीस वॅगनची मालगाडी, इंजिन शिट्टीवर शिट्टी मारतंय, कंट्रोल ऑफिसचा फोन घणघणतोय, आणि माझे वडील, ज्यांनी सख्ख्या भावासाठी पॅसेंजर अर्धं मिनिट रोखली नव्हती, ते कोटाच्या खिशातलं घड्याळ हातात घेऊन उभे. चारला त्यांनी गाडी सोडली. स्वतः हिरवा झेंडा घेऊन फलाटाच्या टोकाला उभे राहिले. वॅगन मी मोजल्या. प्रत्येक वॅगनची सावली आईच्या चेहऱ्यावरून गेली, मध्ये ऊन, पुन्हा सावली. तुमचा कॅमेरामन काहीतरी पुटपुटला आणि त्याने कपाळावर हात मारला. मला वाटलं, खूश झाला.

कंट्रोलला बाबांनी सांगितलं की रुळावर जनावर होतं. आयुष्यातलं पहिलं खोटं, आणि तेही इतकं साधं. महिन्याभरात चौकशी, खुलासा, मग बढती अडकली आणि बदली झाली वाळवंटातल्या अशा स्टेशनवर, जिथे मोतीसुद्धा आमच्याबरोबर आला नाही. बाबा मजेत होते. म्हणायचे, ‘अरे, ही गाडी मॉस्कोत दिसणार आहे.’

पुढच्या वर्षी तुमचा सिनेमा जयपूरच्या थिएटरात लागला. बाबांनी रजा काढून, वाळवंटातून येऊन अख्खी रांग धरली. बँकेतले, विम्यातले, रेल्वेतले, जेवढी म्हणून मराठी घरं होती तेवढी आणली. आईने नको नको म्हणून पाहिलं, मग निमूट आली. सिनेमात फलाट दिसला. कडुलिंब दिसला. मोती तीनदा दिसला, एकदा तर अगदी जवळून. आई दिसली नाही. मालगाडी दिसली नाही. दिवे लागल्यावर मागच्या खुर्चीतून देशमुखकाकू पुढे वाकल्या आणि म्हणाल्या, ‘वहिनी, कुत्रा मात्र फार नैसर्गिक काम करतो हो.’

अख्खी रांग हसली. मीही हसलो, साहेब. दहा-अकरा वर्षांचा होतो, विनोद चांगला होता. ते हसणं मी अजून फेडतो आहे.

बाहेर ते मफलरवाले दुभाषी भेटले. बाबांचा चेहरा पाहून त्यांना दया आली असावी. सांत्वन म्हणून सांगून टाकलं की भाईसाहब, बुरा न मानें, उस दिन तो ज़्यादातर कैमरे में फ़िल्म थी ही नहीं. साहेबांची पद्धतच तशी. रीळ मोजून मिळायचं. म्हणून नवख्या माणसांसमोर कॅमेरा रिकामाच फिरवत ठेवायचा, लोक थकून सहज वागायला लागले की मग भरायचा.

बाबांनी एकच प्रश्न विचारला. ‘मालगाड़ी के टाइम भी?’

‘जी. तब भी.’

बाबांनी मान हलवली, पुढच्या स्टेशनाने निरोप दिल्यावर हलवायचे तशी. कोट कपाटात गेला तो गेलाच. जयपूरच्या मराठी मंडळाच्या गणपतीला ते पुन्हा कधी आले नाहीत. आई आणि मी जायचो, आरतीला उभे राहायचो, कोणीतरी मोतीची चौकशी करायचं. निवृत्तीनंतर आम्ही वैशाली नगरात घर घेतलं, तेव्हा बाबा रोज संध्याकाळी खातीपुरा स्टेशनवर जाऊन बसायचे. मालगाडी आली की घड्याळ काढायचे. मी एकदा विचारलं, काय बघता? म्हणाले, ‘वेळेवर आहे.’ आणि घड्याळ खिशात ठेवलं. तसेच एका थंडीत गेले. तुमच्यावर शेवटपर्यंत एक वाकडा शब्द बोलले नाहीत. म्हणजे ते काम माझ्यावर आलं.

आणि मग दोन वर्षांपूर्वी फोन. इथल्या चित्रपट महोत्सवाला तुम्ही आला होतात आणि तुम्हाला ‘त्या स्टेशनवरच्या बाई’ भेटायच्या होत्या.

मी काय तयारी केली म्हणून सांगू. चाळीस-पंचेचाळीस वर्षं मनात घोटलेलं भाषण बाथरूमच्या आरशासमोर म्हणून पाहिलं. ‘मेरे पिता ने आपके लिए गाड़ी रोकी थी’ इथून सुरुवात होती. आवाज बसू नये म्हणून गरम पाणी प्यायलो. मग तुम्ही जिना चढून आलात, दाराशी धापा टाकत उभे राहिलात, दोन्ही हातांत आईसाठी आणलेली शाल, आणि माझ्या तोंडून निघालं, ‘आइए, आइए जी, कचौरी गरम है.’ सूडाला निघालेला माणूस इतका आतिथ्यशील नसावा. बायको आतून बघत होती. ती अजून मला ‘कचौरी गरम है’ म्हणून हाक मारते.

आई बाहेर आली नाही. गुडघे दुखताहेत म्हणाली. दार लावून घेतलं आणि आत मशीन सुरू केली.

महोत्सवाच्या मुलीने, जी तुमचं रशियन हिंदीत सांगत होती, मला विनंती केली की मी माझ्या फोनवर रेकॉर्ड करावं, ते नंतर मागवून घेतील. मी तीन स्टीलचे डबे एकावर एक रचले, वर फोन ठेवला, बटण दाबलं. सूड वगैरे काही मनात नव्हतं. तुम्ही बोलायला लागलात. तुम्हाला कडुलिंब आठवत होता. पोहे आठवत होते. मोती आठवत होता, नावासकट. मग मी घसा खाकरून विचारलं, ‘और वो मालगाड़ी?’

मुलीने ते तुम्हाला सांगितलं. तुम्ही तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, अगदी प्रामाणिक चेहऱ्याने. मुलगी म्हणाली, ‘पूछ रहे हैं, कौन सी मालगाड़ी?’

मी उठलो. म्हटलं, एक मिनट, फोकस ठीक कर लूँ. आणि रेकॉर्डिंग बंद केलं. पडदा काळा होऊ नये म्हणून नुसता कॅमेरा चालू ठेवला. खुर्चीत येऊन बसलो. तुम्ही विचारलंत, चालू आहे ना? मी म्हटलं, चालू आहे.

आणि साहेब, तुम्ही तीन तास बोललात. काय बोललात. शिकताना केलेल्या पहिल्या लहानशा सिनेमाचं, ज्यात तुमची आजी बटाटे सोलते. दुसरा सिनेमा सात वर्षं फडताळात पडून राहिला, कारण शेवटी नायक हसत नाही, असं सिनेमे तपासणाऱ्या सरकारी समितीचं म्हणणं. तिसऱ्यातून त्यांनी चर्च काढलं, चौथ्यातून पाऊस. मैत्रीचा सिनेमा तुम्हाला शिक्षा म्हणूनच दिला होता. मग देशच बदलला, स्टुडिओत फर्निचरचं गोदाम झालं, तुम्ही धुण्याच्या पावडरीच्या जाहिराती केल्यात. म्हातारपणी कुणीतरी ती जुनी रिळं स्वच्छ केली आणि जग तुम्हाला हार घालायला लागलं. तुम्ही रडलात, हसलात, मध्येच एक गाणं गुणगुणलात. डब्यांवरच्या त्या फोनकडे बघून तुम्ही बोलत होतात, ज्याच्या पोटात काहीही जात नव्हतं.

माझ्यासारखा सज्जन माणूस त्या तीन तासांत किती सुखात होता, हे लिहायलाही लाज वाटते. पण होतो.

तुमच्या गोष्टीत सगळ्यांनी तुम्हाला कापलं. तुम्ही कोणाला कापलंत, हे फक्त एकदाच आलं, अगदी शेवटी. आतल्या मशीनचा आवाज ऐकत तुम्ही थांबलात आणि म्हणालात की त्या दिवशी एकदाच कॅमेरा भरला होता, संध्याकाळच्या पॅसेंजरला. मॉस्कोत रीळ धुऊन आलं तेव्हा तुम्ही पाहिलंत: बाई मशीन चालवते आहे, पण सुईखाली कापड नाही. दोरा नाही. पाय जोरात चालताहेत, सुई हवेत वरखाली होतेय, आणि गाडी आल्यावर ती मान वर करून वाट बघत नाही. थेट कॅमेऱ्याकडे बघते आणि हसते. तुम्ही म्हणालात, तसलं हसू मी पुन्हा कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलं नाही. पण समिती विचारणार, ही श्रमिक स्त्री काहीच का शिवत नाही? म्हणून समितीने बघायच्या आधी तुम्हीच तो तुकडा काढून टाकलात. कुठे गेला माहीत नाही. ‘सगळ्यांत जास्त तोच आठवतो,’ म्हणालात. ‘तिला विचार ना, मशीन रिकामी का चालवली?’

मी म्हटलं, विचारीन. विचारलं नाही. मला वाटलं, म्हाताऱ्याने चुकीचं रंगवलंय. निघताना तुम्ही आईच्या बंद दाराशी थोडा वेळ उभे राहिलात, शाल कडीला अडकवलीत आणि गेलात.

गेल्या आठवड्यात ते ईमेल आईला वाचून दाखवलं. ती ब्याऐंशीची आहे, कान माझ्याहून तिखट. मग मला राहवलं नाही, फोनचंही सांगितलं. आणि ओघात तुमचा तो प्रश्नही.

आई चष्मा पुसत म्हणाली, ‘मशीन रिकामी चालली तर मला कळणार नाही होय रे? कापड असलं की जड बोलते, नसलं की नुसती टकटक. सकाळपासून त्याच्या मशीनची टकटकच चालली होती.’

मी विचारलं, म्हणजे तुला ठाऊक होतं?

‘दुसऱ्या-तिसऱ्या वेळेलाच. म्हटलं, फिरवू दे, माझं शिवण होतंय. पण मग ह्यांनी मालगाडी धरली. कोट घालून तिकडे झेंडा घेऊन उभे, आणि इकडे ते रिकामंच. ओरडून सांगणार होते. ह्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि गप्प बसले.’ चष्मा डोळ्यांवर गेला. ‘चहानंतर त्याचा आवाज बदलला. भरलं होतं. म्हटलं, भरलंस ना आता? थांब. मी माझं काढलं.’

‘आणि हसलीस?’

‘हसू आलं, त्याला मी काय करू?’

बाबांना का नाही सांगितलं, हे विचारायला नको होतं, तरी विचारलं. तिने चष्मा पुन्हा काढून पुसला. मग म्हणाली, ह्यांना कळलं असतं की मला तेव्हाच ठाऊक होतं. त्याने फसवलं ते ह्यांनी सोसलं. मीही गप्प राहिले, हे सोसलं नसतं. थिएटरात ती रांगेच्या मध्ये बसून सगळ्यांचं हसणं ऐकत होती आणि मनात म्हणत होती, मीच काढलंय मला, मीच.

मग माझ्याकडे वळली. ‘आणि तू म्हाताऱ्या माणसाला तीन तास बसवलंस? तीन तास कशाला लागतात रे? मी एका पॅसेंजरमध्ये उरकलं होतं.’

तर ऐका, डायरेक्टरसाहेब. तुम्ही आयुष्यभर ज्या हसण्याचं कोडं घालत बसलात, त्याचं उत्तर ती दाराच्या पलीकडे शिवत बसली होती, आणि तिने ते तुम्हाला दिलं नाही. मी देऊ शकलो असतो, पण मी फोकस ठीक करत होतो. तुम्ही न कळता गेलात. याचं मला वाईट वाटायला हवं. वाटतंही, पण ते कुठे, सांगू? तुम्ही ते हसू पाहिलं होतं. तिशीतली माझी आई, पूर्ण जिंकलेली, माझ्या जन्मात मी न पाहिलेली. ती फक्त तुमच्या डोळ्यांत शिल्लक होती, आणि तुम्ही तिचं वर्णन केलंत तेव्हा माझा फोन रिकामा होता. हा सूड माझ्यावर कोणी उगवला, याचा तपास चालू आहे. संशयित एकच आहे आणि तो दाढी करताना रोज दिसतो.

पण तुमच्या मुलीला काहीतरी पाठवायला हवं होतं. फोनमध्ये शोधलं तर बटण बंद करण्याआधीचं चित्रण सापडलं. चार मिनिटं. कडुलिंब, पोहे, मोती, मागे आईची मशीन, माझा प्रश्न. मग तुम्ही थेट कॅमेऱ्यात बघून तुमच्या भाषेत विचारता, कुठली मालगाडी? आणि संपतं.

आईला विचारलं, पाठवू? ती शाल अंगावर ओढून शिवत बसली होती. तुमचीच शाल. वर न बघता म्हणाली, ‘पाठव.’

काल पाठवलं. तुमची शेवटची मुलाखत म्हणून ती आता तुमच्या माहितीपटात लागेल, जिथे जिथे तुम्हाला हार घातले तिथे तिथे दिसेल, आणि शेवटी अंधारात लोक एकमेकांना विचारतील, कुठली मालगाडी?

बेचाळीस वॅगन, मागे गार्डचा डबा. सात मिनिटं उशिरा.